काउंटरच्या पलीकडचा माणूस ओरडतो तेव्हा तुम्ही काय बोलता?

वळचण

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेत काउंटरवर बसते. ११ वर्षं झाली. हा धागा काढायचं कारण मागच्या सोमवारी घडलं आणि अजून डोक्यातून जात नाही.

सोमवार आमच्याकडे बाजाराचा दिवस. साडेअकराला रांग दाराबाहेर गेलेली. पस्तिशीचा एक माणूस, सोबत साठीच्या घरातली आई. त्याने पासबुक काचेखालच्या फटीतून सरकवलं नाही, फेकलं. ते माझ्या स्टॅम्प पॅडवर आपटलं आणि शाई बाहीला लागली. "लाडक्या बहिणीचे पैसे कुठं गेले माझ्या आईचे? सगळ्या गावाला आले. तुम्ही खाल्ले का?" मी म्हटलं, "दादा, बघते. आईंचं आधार कार्ड द्या." तर म्हणाला, "किती वेळा द्यायचं? फुकटचा पगार घेता. तुझ्या बापाचे पैसे आहेत का?"

रांगेतले पंचवीस-तीस लोक ऐकत होते. त्यातले दोघं हसले. मला त्या माणसाच्या बोलण्यापेक्षा ते हसणं जास्त लागलं.

मी आवाज चढवला नाही. खातं उघडून पाहिलं, योजनेची रक्कम जमा झालेलीच नव्हती. तसं सांगितलं. तो आणखी चिडला, "तक्रार करतो" म्हणाला आणि आईच्या दंडाला धरून निघून गेला. म्हातारी जाताना मागं वळून माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळी घरी गेले. मुलीने डायरीवर सही मागितली, एवढंच. मी तिच्यावर अशी काही ओरडले की ती डायरी छातीशी धरून आत निघून गेली. रात्री तिच्या शेजारी पडल्यावर लक्षात आलं, सकाळी त्या माणसाला जे बोलायचं होतं ते मी सातवीतल्या पोरीला बोलले.

प्रशिक्षणात "ग्राहकाशी नम्रपणे वागा" हे सांगतात. भिंतीवर गांधीजींच्या नावाने ग्राहकाची महती सांगणारी पाटी पण आहे. पण नम्रपणे म्हणजे नेमकं काय बोलायचं, हे कुणी सांगितलेलं मला आठवत नाही. तुम्ही सगळे निरनिराळ्या कामांत आहात. समोरचा ओरडत असताना तुमच्या तोंडून नेमकं कोणतं वाक्य निघतं? आणि तो राग घरी येऊ नये म्हणून काय करता?

घंटी_दोनदा

ताई, मी एसटीत वाहक आहे. १७ वर्षं. आमच्याकडे रोजचंच हे, म्हणून लिहितो.

माझी गाडी बरेचदा कोल्हापूर–निपाणी असते. बायकांना अर्धं तिकीट १७ मार्च २०२३ पासून सुरू झालं. पण ती सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. निपाणी कर्नाटकात. म्हणजे हद्दीपर्यंत अर्धं आणि पुढं पूर्ण. आता सांगलीला परवाच निम्म्या तिकिटात जाऊन आलेली बाई निपाणीला निघते, तिला वाटतं कंडक्टर आपल्याकडनं जास्त घेतोय. सुरुवातीला मी म्हणायचो, "नियम आहे." ताई, ह्या दोन शब्दांनी जेवढी भांडणं लागतात तेवढी कशानं लागत नाहीत. समोरच्याला वाटतं, हा मला झटकतोय.

मग मी पद्धत बदलली. गाडी स्टँडवरनं हलायच्या आधी पुढं उभा राहतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो, "बायकांनी ऐका, हद्दीपर्यंत अर्धं आणि तिथून पुढं पूर्ण. निपाणीचं इतकं होतंय, सुट्टे काढून ठेवा." एकदाच. मग तिकिटाला गेलो की निम्म्या बायका पैसे हातात धरून बसलेल्या असतात. एखादी तरी भांडायला लागली तर शेजारची सांगते, "अगं, मघाशी बोलले की ते." सगळ्यांना एकदम सांगितलं की एकट्यालाच फसवतोय असं कुणाला वाटत नाही.

सुट्ट्याचं पण तसंच. माझ्याकडं नसले की "नाहीत" म्हणून पुढं जात नाही. तिकिटाच्या पाठीमागं बाकी लिहून देतो, उतरायच्या आधी आठवणीनं देतो. लिहिलेलं हातात असलं की माणूस गप बसतो.

दारू प्यालेल्याशी मात्र एक अक्षर बोलत नाही. बोलून उपयोग नसतो. घंटी मारून गाडी बाजूला घ्यायला सांगतो आणि उभा राहतो. गाडी थांबली की बाकीचे प्रवासीच त्याला गप करतात.

खलबत्ता

मला नम्रपणाचं एवढं कौतुक नाही, स्पष्टच सांगतो. माझं मेडिकल दुकान आहे. गोड बोललं की लोक डोक्यावर बसतात.

रात्री नऊला माणूस येतो, चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या द्या म्हणतो. शेड्यूल एच-१, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांची सरकारी यादी, तिच्यात काही झोपेच्या गोळ्या आणि बरीच अँटिबायोटिक्स आहेत. ही यादी २०१४ पासून लागू झाली. ती औषधं विकली की वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. हे मी दहा वेळा समजावून सांगितलं तरी "कोपऱ्यावरचा देतो की, तू काय मोठा लागून गेलास" हेच ऐकायला मिळतं. मी जितकं समजावतो तितका त्याला वाद घालायला मुद्दा मिळतो.

आता मी एकच वाक्य बोलतो. "चिठ्ठी आणा, लगेच देतो." तो काहीही म्हणाला तरी हेच. दुसऱ्यांदा हेच, तिसऱ्यांदाही हेच, त्याच आवाजात. हात जोडत नाही आणि माफी पण मागत नाही. चूक केली नाही तर माफी कशाची?

वळचण

@खलबत्ता, पण दादा, तुम्ही सांगितलं तेच मला नम्र वाटतंय. तुम्ही त्याला दुकानाबाहेर जा म्हणत नाही, काय आणलं तर मिळेल ते सांगता. "सॉरी सॉरी" करण्याची सवय आम्हाला लागली आहे खरी. सर्व्हर बंद पडला तरी सॉरी आम्हीच म्हणायचं.

@घंटी_दोनदा, रांगेला एकदम सांगणं हे मी कधी केलंच नाही. काचेच्या आत बसून प्रत्येकाला तेच तेच सांगत राहते. उद्या करून बघते.

रात्रपाळी

मी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. जरा लांब लिहीन, कारण ह्या विषयावर मला खूप बोलायचं आहे.

आमच्याकडे येणारा माणूस उद्धट नसतो, घाबरलेला असतो. हे मला पहिली चार-पाच वर्षं कळलं नव्हतं. "ओ सिस्टर, झोपला का? मेल्यावर येणार का?" असं कुणी बोललं की माझे कान तापायचे. मी पण ताडकन बोलायची, "एकटा तुमचाच पेशंट आहे का?" त्यावर दुसरा नातेवाईक उठायचा, मग तिसरा.

एक रात्र सांगते. मेडिसिन वॉर्ड, साठ खाटा, खाली गाद्या टाकून आणखी दहा-बारा पेशंट, आणि आम्ही दोघी. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा दर दहा मिनिटांनी टेबलाशी येऊन ओरडत होता. "सलाइन संपत आलंय, हवा जाईल आत, माझा बाप मरेल." दोनदा सांगितलं, काही होत नाही. तिसऱ्यांदा त्याने टेबलावर हात आपटला, केस पेपर खाली पडले.

मी उठले आणि त्याच्यासोबत खाटेपाशी गेले. बाटली दाखवली. म्हटलं, "हे बघ. बाटली रिकामी झाली तरी नळीतलं पाणी एका उंचीला येऊन थांबतं. रक्ताचा स्वतःचा दाब असतो, तो त्याला थोपवतो. फार तर सुईपाशी थोडं रक्त उलटं येईल, त्याने घाबरायचं नाही. आता ही चकती. पाणी इथवर आलं की ही अशी खाली फिरवून बंद करायची आणि मला हाक मारायची. ओरडायचं नाही, नुसती हाक. बाबांचं हे काम आजची रात्र तुझ्याकडे." त्याने माझ्यासमोर चकती दोनदा फिरवून बघितली. बोटं थरथरत होती. त्या रात्री तो बापाच्या उशाशी बसून बाटलीकडे बघत राहिला, पहाटे चारला हळू आवाजात "सिस्टर" म्हणाला. इतकंच.

तेव्हापासून ओरडणाऱ्या नातेवाइकाला मी आधी काहीतरी काम देते. लघवी किती झाली ते लिहून ठेवा, कपाळावर पट्ट्या ठेवा, ताप मोजायच्या वेळी मला आठवण करा. माणूस रिकाम्या हाताने उभा असतो ना, तेव्हा भीतीने फुगत जातो.

पण सगळं असं गोड होत नाही. एकदा माझ्या अंगावर एक जण स्टूल घेऊन धावला. तेव्हा मी नम्र वगैरे राहिले नाही. मागं सरले, ड्रेसिंग रूममध्ये जाऊन कडी लावली आणि सिक्युरिटीला फोन केला. आपल्याकडे २०१० चा कायदा आहे, डॉक्टर, नर्स किंवा दवाखान्यातल्या कुणावर हिंसा केली तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, आणि मोडतोड केली तर किमतीच्या दुप्पट भरपाई. ह्याचा बोर्ड आमच्या दारात लावला आहे. ज्याच्या डोक्यात रक्त चढलंय तो बोर्ड वाचत नाही, पण दुसऱ्या दिवशी पोलिसांत गेल्यावर त्या कायद्याचा आधार होतो. बोलणं कितीही वेडंवाकडं असलं तरी मी ऐकून घेते. हात उचलला की तिथे माझं ऐकणं संपतं.

आणि वळचण, घरी राग नेण्याबद्दल. सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे वॉर्ड सोपवताना, आम्ही पेशंटबरोबर हेही सांगतो, "१४ नंबरचा मुलगा रात्री असं असं बोलला, मी असं केलं." रिपोर्ट बुकातही लिहिते. हे सांगून झालं की पुढच्या पाळीची मैत्रीण म्हणते, "बरं, मी बघते त्याला." त्या चार शब्दांनी माझ्या खांद्यावरचं ओझं उतरतं. तुमच्या शाखेत सोमवारी त्या माणसानंतर तुम्हाला कुणी विचारलं का, काय झालं म्हणून?

वळचण

नाही, कुणी विचारलं नाही. शेजारच्या काउंटरवरच्या सरांनी बघून न बघितल्यासारखं केलं. मॅनेजर साहेब केबिनमध्ये होते. त्यांचा दोष म्हणून सांगत नाही. एवढी रांग असली की कुणाला वर मान करायला फुरसत नसते. पण तुमचा प्रश्न वाचून डोळ्यात पाणी आलं.

कानाला_हेडफोन

पुण्यात कॉल सेंटरला सहा वर्षं काढली, मराठी आणि हिंदी कॉल. त्यातून दोन गोष्टी शिकलो.

एक, "मी तुमची भावना समजू शकतो" हे वाक्य आम्हाला छापील दिलेलं असायचं. ते म्हटलं की समोरचा हमखास जास्त पेटायचा. "काय समजतोस तू? तुझे गेलेत का पैसे?" बरोबरच आहे त्याचं. त्याऐवजी मी पहिल्या मिनिटात तो काय म्हणाला ते कागदावर लिहायचो आणि त्याला परत वाचून दाखवायचो. "म्हणजे तुम्ही पाच तारखेला रिचार्ज केलं, पैसे गेले, रिचार्ज झालं नाही, आणि हा तिसरा फोन. बरोबर?" तो "हो" म्हणायचा. तो "हो" आला की आवाज निम्म्यावर यायचा. आपलं म्हणणं कुठंतरी पोचलं, याची खूण पटलेली असते.

दोन, आई-बहिणीवरून शिव्या आल्या तर आमच्याकडे ठरलेलं होतं. एकदा सांगायचं, "सर, ही भाषा असेल तर मला फोन बंद करावा लागेल." पुन्हा आली तर दुसऱ्यांदा सांगायचं. तिसऱ्यांदा फोन बंद. हे कागदावर लिहिलेलं होतं म्हणून आम्ही बंद करू शकायचो, नाहीतर गुण कापले जायचे. लिहिलेलं नसेल तर कर्मचाऱ्याने कितीही ठरवलं तरी त्याला सहन करत बसावं लागतं.

माझ्या टीममधल्या मुलींना रात्री घाणेरडे फोन यायचे. एकीने धीर करून तक्रार केली, तेव्हा समजलं की कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बाहेरच्या माणसालाही लागतो. त्रास देणारा ग्राहक असला तरी तिला पोलिसांत तक्रार करायची असेल तर मालकाने मदत करायची असते. ही गोष्ट काउंटरवरच्या प्रत्येक बाईला माहीत असावी असं मला मनापासून वाटतं.

तिन्हीसांजा

ह्या धाग्यावर ग्राहकाच्या बाजूचा कुणीच नाही, म्हणून मी लिहितो. मी ओरडलेला माणूस आहे.

पत्नी गेली त्यानंतर तिच्या खात्याच्या कामासाठी मी एका कार्यालयात चार फेऱ्या मारल्या. पहिल्यांदा मृत्यू दाखला मागितला. नेला. मग त्याची मूळ प्रत. नेली. मग म्हणाले, फॉर्म चुकीचा आहे. चौथ्यांदा गेलो तर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. प्रत्येक वेळी एकच कागद सांगायचे. त्या दिवशी मी फाइल त्या मुलीच्या टेबलावर आदळली आणि नको ते बोललो. माझ्या मुलीपेक्षा लहान असेल ती. मी ३४ वर्षं शाळेत शिकवलं आहे, आयुष्यात कुणाला तसं बोललो नव्हतो.

ती काही बोलली नाही. खाली पडलेले कागद तिने उचलले, क्रमाने लावले, टाचणी लावली. मग म्हणाली, "काका, बसा आधी. यात चार कागद बरोबर आहेत. दोन राहिलेत. ते कोणते ते मी लिहून देते, म्हणजे परत परत यायला नको." आणि एका कोऱ्या चिठ्ठीवर तिने दोन ओळी लिहिल्या, खाली स्वतःच्या खिडकीचा नंबर आणि "गुरुवारी ११ वाजता" असं लिहिलं. गुरुवारी अकराला माझं काम दहा मिनिटांत झालं.

मी त्या दिवशी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "काका, तुमचं चुकलं हे खरं, पण चार फेऱ्या मारायला लावल्या हे आमचं चुकलं." तिने माझी चूक पुसून टाकली नाही, हे मला फार मोठं वाटलं.

वळचणताई, त्या माणसाचं समर्थन मी करत नाही. बाईमाणसाच्या बापावर जाणं हे कुठल्याच दुःखात बसत नाही. पण तो तुमच्याकडे पहिल्यांदा आला होता का, एवढं बघाल?

वळचण

काका, तुमचा प्रतिसाद वाचून आज सकाळी शोध घेतला. तो पहिल्यांदा आलेला नव्हता, तिसऱ्यांदा आला होता. आधीच्या दोन्ही वेळा मी रजेवर होते. पहिल्यांदा त्याला "आधार लिंक आहे, पैसे येतील" म्हणून पाठवलं. दुसऱ्यांदा सर्व्हर बंद होता, "पुढच्या आठवड्यात या."

आता ह्यात खरी गोम अशी आहे. खात्याला आधार लिंक असणं वेगळं आणि सरकारी योजनेचे पैसे यायला आधार सीडिंग, म्हणजे ते पैसे कोणत्या बँकेत टाकायचे याची नोंद, असणं वेगळं. एका माणसाचा आधार दहा खात्यांना जोडलेला असू शकतो, पण योजनेचे पैसे एकाच बँकेत जातात, ज्या बँकेला सर्वात शेवटी सीडिंगची परवानगी दिलेली असते तिथे. आईंनी कधीतरी मोबाइलच्या दुकानात अंगठा देऊन एक खातं उघडलेलं असणार. त्याचं पासबुक नसेल, आठवणही नसेल. ऑगस्ट २०२४ मध्ये योजनेचे पहिले दोन हप्ते मिळून तीन हजार रुपये आले तेव्हापासून सगळं तिकडेच जमा होत असणार. आधारच्या संकेतस्थळावर "बँक सीडिंग" म्हणून बघायची सोय आहे. ते पाहिलं असतं तर पहिल्याच दिवशी दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं.

म्हणजे "आधार लिंक आहे" हे आमच्या माणसाने सांगितलं ते खोटं नव्हतं, पण त्या म्हातारीच्या उपयोगाचंही नव्हतं. मी पण सोमवारी तेच केलं. "जमा नाही" एवढं सांगितलं. कुठे जमा झाले असतील ते सांगितलं नाही.

तो जे बोलला ते मी विसरणार नाही. पण तो उगाच चिडला नव्हता, हेही आता मला माहीत आहे.

अष्टौप्रहर

टोकियोत राहतो, इथला अनुभव सांगतो. "ग्राहक हा देव" ही म्हण जपानीतही आहे आणि दुकानातला माणूस कंबरेत वाकून बोलतो. त्याचा फायदा घेऊन कर्मचाऱ्याला तासभर उभं करून झापणारे, गुडघे टेकून माफी मागायला लावणारे ग्राहकही इथे निघाले. त्याला इथे "कासुहारा" म्हणतात, ग्राहकाने केलेला छळ. टोकियो महानगराने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याविरुद्ध नियम संमत केला आणि १ एप्रिल २०२५ पासून तो लागू आहे. शिक्षा काही ठेवलेली नाही. पण कुणीही ग्राहक म्हणून छळ करू नये, आणि मालकाने कर्मचाऱ्याच्या मागे उभं राहावं, हे लिहिलेलं आहे. बऱ्याच ठिकाणी छातीवरच्या पाटीवर पूर्ण नाव लिहिणंही थांबवलं, कारण लोक नाव शोधून इंटरनेटवर त्रास द्यायचे.

माझी बायको इथे दुकानात काम करते. ती म्हणते, नियमाची पाटी लागल्यापासून ग्राहक किती बदलले ते सांगता येत नाही, पण मॅनेजर बदलला. पूर्वी तो आतून बघत बसायचा, आता बाहेर येऊन शेजारी उभा राहतो.

कोरा_कागद

ग्राहकाचं ठीक आहे, तो निघून तरी जातो. माझा साहेबच असा बोलतो. सगळ्या ऑफिससमोर "अक्कल गहाण ठेवलीय का" वगैरे. नोकरी सोडता येत नाही, घराचा हप्ता आहे. ह्यावर कुणाकडे काही आहे का?

कानाला_हेडफोन

@कोरा_कागद, सगळ्यांसमोर उत्तर देऊ नका. त्याला तिथे माघार घेता येत नाही. एकटा सापडला की जाऊन शांतपणे एवढंच म्हणा, "सर, चूक असेल ती मला केबिनमध्ये सांगा, मी सुधारतो. सगळ्यांसमोर बोललात की मला कामच सुचत नाही." आणि त्याच दिवशी कामाबद्दल ईमेल टाका, "आज झालेल्या बोलण्याप्रमाणे मी अमुक करतोय." त्यात शिवीचा उल्लेख करायची गरज नाही. तारीख-वार राहतात. माझ्या बाबतीत पहिल्याने दोन महिने उपयोग झाला, मग तो परत पहिल्यासारखा झाला आणि मी टीम बदलून घेतली. खोटी आशा लावत नाही.

खलबत्ता

सलाइनच्या नळीचं वाचून मी दोन दिवस विचार करतोय. काल रात्री तोच झोपेच्या गोळ्यांवाला परत आला. मी नेहमीचं वाक्य बोललो, "चिठ्ठी आणा, लगेच देतो." पण ह्या वेळी पुढं विचारलं, "किती दिवस झोप नाही?" म्हणाला, "बायको बाळंतपणाला गेली तेव्हापासून, बाळ गेलं." दुकानात स्टूल असतं, त्यावर बसवलं. गोळी दिली नाही. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, तो नंबर लिहून दिला आणि सकाळी सरकारी दवाखान्यात जा म्हणून सांगितलं. पाणी पिऊन गेला. मी एवढे दिवस त्याला भांडखोर समजत होतो.

घंटी_दोनदा

दादा, बरं केलंत. स्टूल बाहेरच राहू द्या.

वळचण

बारा दिवसांनी लिहितेय.

दुसऱ्या दिवशीपासून साडेदहाला, दार उघडलं की मी काचेबाहेर येऊन रांगेला सांगते. योजनेचे पैसे ज्यांना दिसत नाहीत त्यांनी आधी डावीकडच्या टेबलावर जाऊन सीडिंग बघून घ्या, मग रांगेत या. मॅनेजर साहेबांना रात्रपाळीताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी त्या टेबलावर एका शिकाऊ मुलाला बसवलं. एवढं एका दिवसात होईल असं वाटलं नव्हतं. संध्याकाळी कॅश जुळली की आता आम्ही चौघं पाच मिनिटं उभं राहून, दिवसात कोण काय बोललं ते एकमेकांना सांगतो. पहिल्या दिवशी कुणी बोलेना. तिसऱ्या दिवशी शेजारच्या सरांनी स्वतःहून सोमवारचा विषय काढला आणि म्हणाले, "मी तेव्हा उठायला हवं होतं."

त्या माणसाचा पत्ता खात्यावर होता, फोन नंबर होता. तक्रार करायची की फोन करायचा, यावर एक रात्र गेली. शेवटी शाखेच्या फोनवरून लावला. म्हटलं, "आईंचे पैसे कुठे आहेत ते बहुतेक समजलंय. त्यांना घेऊन या. आणि सोमवारी तुम्ही माझ्या वडिलांवरून बोललात ते बरोबर नव्हतं, ते पण सांगायचं होतं." पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग "हां" म्हणाला.

बुधवारी दोघं आले. टेबलावरच्या शिकाऊ मुलाने सीडिंग तपासलं, पैसे त्या दुसऱ्या खात्यातच निघाले. तिथून काढायला अंगठा लागतो आणि आईंचा अंगठा मशीन घेईना. त्यांनी हात काचेखालून पुढं केला, मी बघितला. वीस वर्षं ऊस तोडलेला हात. बोटांच्या पेरांवर रेषाच राहिलेल्या नाहीत, कातडी गुळगुळीत आणि चिरा पडलेली. मी चिठ्ठी लिहिली. आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे नव्याने घ्यायचे, डोळ्यांचाही ठसा घ्या म्हणून सांगायचं, मग त्या खात्यातले पैसे काढायचे. इकडे आमच्या शाखेत सीडिंगचा फॉर्म आजच भरला आहे, पुढचे हप्ते इथे येतील, काही दिवसांनी एकदा तपासून घ्यायचं. खाली खिडकी नंबर तीन आणि माझं आडनाव.

तो चिठ्ठी वाचत उभा होता. चार घड्या घालून त्याने ती शर्टाच्या खिशात ठेवली, वरून बटण लावलं. माफी वगैरे काही बोलला नाही. आईला पुढं घालून दारापर्यंत गेला, तिथून परत आला आणि विचारलं, "मॅडम, सोमवारी गर्दी असते तुम्हाला. मंगळवारी आलो तर चालेल का?"